तीन नंबरच्या खोलीतला माणूस

पोलिसात असतानाची कारेगावातली ती बोरमाळेची चोरी मला अजून आठवते. अलीकडे तर जास्तच.

फिर्यादी एक विधवा मावशी. मुलगा परगावी, घरामागे भाड्याच्या खोल्या. रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं येत, कंत्राट संपलं की जात. नावं पाठ करायच्या फंदात मावशी पडत नसत. खोलीच्या नंबरानेच हाक मारत. गौरी बसवताना डबा उघडला, तर बोरमाळ गायब.

"पावसाळा लागायच्या आधी एकदा म्या शेतातनं आले, तवा तीन नंबरवाला माझ्या घरातनं निघत व्हता. सडपातळ, दाढी, भुवईवर खोक."

तीन नंबरची खोली नुकतीच रिकामी झाली होती. खबऱ्याने कळवलं, भुवईवर खोक असलेला ओडिशाचा पोरगा यवतच्या ढाब्यावर कामाला लागलाय. त्याला ठाण्यात आणलं. मावशींनी पाहताक्षणी सांगितलं, "ह्योच!"

"मैं तो बारिश में आया था, साहब," तो म्हणाला. असं सगळेच म्हणतात, आणि तो कधी आला हे दाखवणारा भाडेकरार तर कुणी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. पण चोर आधी पुरावा काय आहे ते चाचपतो. हा एकच विचारत राहिला, "माताजी ने बोला, मैंने लिया?" आणि रडला. मला ते खटकलं. मी पुन्हा कारेगावला गेलो.

या वेळी चेहऱ्याचं काही विचारलंच नाही.

"मावशी, त्या दिवशी तुमच्या डोक्यावर काय होतं?"

"भुईमुगाच्या शेंगांची पाटी."

"उतरवली कुणी?"

"त्यानंच की. म्हणला, 'दमलीस मावशे, बस. पाणी प्यायला आल्तो.'"

"हे मराठीत म्हणाला?"

ढाब्यावरच्या पोराला मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं.

"ह्यो तर मला माताजी म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या. "मंग त्यो कोण व्हता, सायब?"

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. पावसाळाभर हा पोरगा रोज त्यांच्या ओट्यावर बसून जेवला होता. एकट्या बाईला तेवढीच सोबत. त्याच्या चेहऱ्याखाली तीन नंबरमधल्याच आधीच्या भाडेकरूचा चेहरा बुजून गेला होता. बोलणं तेवढं शाबूत राहिलं होतं.

पोराला सोडलं. आधीचा भाडेकरू दौंडला सापडला, त्याने विकलेली बोरमाळ सराफाकडून जप्त केली. त्याला समोर उभं केलं, तर मावशी म्हणाल्या, "ह्याला म्या कवा पाह्यलंच न्हाई."

निवृत्तीनंतर मी एकटाच राहतो. पत्नी वारली. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून होतो. नोकरीत असताना कधी बसलो नाही इतका. आता डोळे मिटले की नळ्या लावलेला तोच चेहरा येतो. संसारातला, हसता चेहरा काही केल्या येत नाही. फोटो पाहिला तर फोटोच आठवतो. फार एकटं वाटतं.

मग मावशींवर केलेली युक्ती स्वतःवर करतो. चेहऱ्याचा नाद सोडतो. ड्यूटीवरून घरी आलो, उंबऱ्यात बूट काढले, तेव्हा ती काय म्हणायची?

"आलात, का परत जायचंय?"

हे मात्र तिच्याच आवाजात ऐकू येतं. रिकाम्या घरात मी मोठ्याने सांगतो, "नाही गं. आता कुठंच जायचं नाही."