काळ्या चित्रातल्या थोरल्या जाऊबाई

रेवा, ईशान,

आवाज अगदी स्पष्ट येत होता. ढोल वाजत होता, बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या, कुणीतरी "पाय जपून टाक, चिखल आहे" असं ओरडत होतं. चित्र मात्र ठार काळं. माझ्या शेजारी बसलेल्या माधुरीला त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"खराब झालंय वाटतं," ती म्हणाली. "सोडून द्या मॅडम. माझं आहे ना भरपूर."

माधुरी आपल्या लॅबची जुनी गिऱ्हाईक. व्हिडिओ एडिटिंगला आमच्याकडे अजून मिक्सिंगच म्हणतात, म्हणून आपली ती मिक्सिंग लॅब. माधुरी जळगावात राहते, तिची थोरली जाऊ सुनंदाबाई धुळ्याला. श्रावणात दोघी एरंडोलजवळच्या गावी जमतात आणि घरात कानबाई बसवतात. नारळाची देवी सजवून रविवारी मांडायची, रोटांचा नैवेद्य दाखवायचा आणि सोमवारी डोक्यावरून वाजतगाजत नदीवर न्यायची. डोक्यावर घेण्याचा मान थोरल्या म्हणून सुनंदाबाईंचा.

या सोहळ्याची फिल्म पुढच्या रविवारी सगळ्या भाऊबंदांच्या जेवणात मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. घरातलं सगळं माधुरीच्या फोनवर घेतलेलं होतं. कणीक मळणारी माधुरी, आरती करणारी माधुरी, पैठणीचा पदर सावरणारी माधुरी. मिरवणुकीच्या वेळी तिच्या फोनची बॅटरी संपली. त्यामुळे नदीवरचं सगळं चित्रण सुनंदाबाईंच्या मुलानं आपल्या नव्या महागड्या फोनवर केलं होतं आणि तेच पेनड्राइव्हमधून आलं होतं.

"फाइल खराब नाही," मी म्हटलं. "माझं सॉफ्टवेअर जुनं आहे."

नवे फोन व्हिडिओ फार घट्ट दाबून ठेवतात, जिनिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात तसा. जागा कमी लागते. पण ती गाठ सोडायची रीत माझ्या सॉफ्टवेअरला माहीत नाही, कारण ते आलं तेव्हा ही रीतच नव्हती. आवाज जुन्याच पद्धतीनं भरलेला असतो, म्हणून तो ऐकू येतो. यावर उपाय एकच. दुसऱ्या प्रोग्रामनं फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायची. त्याला कन्व्हर्ट करणं म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरवर त्यात अख्खी दुपार जाते.

"मग नकाच करू," माधुरी म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास. काळ्या जागी माझ्या रोटांचे फोटो टाका. आवाज तर येतोय ना?"

तेवढ्यात सुनंदाबाईंचाच फोन आला. पेनड्राइव्ह पोचला का, हे विचारायला. मी स्पीकरवर घेतला आणि चित्र दिसत नसल्याचं सांगितलं.

"काय सांगता ताई!" त्यांचा आवाज चढला, आणि आवाज चढला की त्या अहिराणीवर येतात. "मी बठ्ठास्ले, सगळ्यांना सांगेल शे, कानबाई मन्हा डोकावर शे. आता पडद्यावर काय अंधार दाखवाल? तिथं माधुरी बसलीय का?"

माधुरीनं मान हलवून मला नाही म्हणायची खूण केली.

"बसली आहे," मी म्हटलं.

"मग बरोबर शे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माधुरी भडकली. "बघितलं? दरवर्षी मान त्यांना, रोट मी भाजायचे. एका फिल्ममध्ये नाही दिसल्या तर काय बिघडलं? पैसे मी देतेय."

तिचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. मुलांनो, तुम्ही तुमचे व्हिडिओ लिंकवर टाकता ना, तेही याच फॉरमॅटमध्ये असतात. तुमच्या दुसऱ्या आजीकडे नवा फोन. मी इथे कन्व्हर्ट करून बघेपर्यंत ती रेवाच्या नाचाचं कौतुक करून मोकळी झालेली असते, वर मला फोन करून तो नाच कसा होता ते सांगते. गोड बाई आहे. मी तिला "हो का?" म्हणते आणि खुर्चीचा हात घट्ट धरते.

पण धंदा तो धंदा. मी माधुरीला म्हटलं, "ठीक आहे. तुझ्या फिल्ममध्ये कानबाई रविवारी बसेल. सोमवारी उठणार नाही. सगळ्या भाऊबंदांसमोर देवी घरात तशीच राहील. चालेल?"

बसवलेली कानबाई बोळवली नाही, असं तिच्या सासरी कुणी चेष्टेतही म्हणत नाही.

"मग फक्त कानबाई दाखवा," ती शेवटी म्हणाली. "सुनंदाअक्का नको."

"कानबाई डोक्यावर आहे, माधुरी. डोकं कुणाचं?"

तिला हसू आवरलं नाही. तिनं चहा मागवला आणि मी कन्व्हर्ट लावलं.

चित्र दिसायला लागलं, पण नवी भानगड. सुरुवातीला सगळं जुळलेलं, नदी येईपर्यंत ढोलावर टिपरी आधी पडायची आणि आवाज मागून यायचा. फोन दर सेकंदाला सारखीच चित्रं घेत नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो. जुनं सॉफ्टवेअर समजतं की सारखीच आहेत. पुन्हा पहिल्यापासून कन्व्हर्ट केलं, या वेळी सेकंदाला ठरावीक चित्रं ठेवायला सांगून. जुळलं. सुनंदाबाई पाण्यात उतरताना चक्क भारदस्त दिसत होत्या. माधुरीनं तो भाग दोनदा पाहिला आणि म्हणाली, "साडी माझीच नेसल्यात."

रविवारी जेवणानंतर फिल्म झाली. संध्याकाळी सुनंदाबाईंचा फोन. आभार मानतील असं वाटलं होतं.

"ताई, चांगलं झालं. पण रोटच फार वेळ दाखवलेत."

पाच मिनिटांनी माधुरीचा. "मॅडम, नदी जरा लांबली नाही का?"

दोघींची तक्रार सारखी आली की मिक्सिंग नीट झालं, असं मी धरते.

आता तुमचं काम. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट, तिथे सगळीकडे चालेल असा जुना प्रकार निवडा. तुमच्या त्या आजीला फरक पडणार नाही, तिला तेही दिसेल. मला मात्र रेवाचा पुढचा नाच तिच्या आधी बघायचा आहे.

तुमची जळगावची आजी