पुलावरची थरथर

ही गाडी हायवेची नाही, हे मला नांदेडच्या बाहेर पडायच्या आतच कळलं. माझ्या नवऱ्याला ते इतकी वर्षं कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी मला सांगितलं नव्हतं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सरळ धरलं तरी ती आपली डावीकडे ओढायची. उजवीकडे वळवावं तर आधी ऐकायचीच नाही, आणि मग एकदम इतकी ऐकायची की मागचा टेम्पोवाला शिव्या घालत पुढे जायचा. खड्डा आला की दबणं तिला माहीत नव्हतं, ती उडायची. लोह्याला पोचेपर्यंत माझे खांदे आखडून जायचे.

घेतली तेव्हा साधीच जीप होती. मग त्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रीनं मिळून ती उंच केली. स्प्रिंगा बदलल्या, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले, पुढे लोखंडी बंपर ठोकला. आमचं खत-बियाण्यांचं दुकान. या धंद्याला असली गाडी कशाला, असं सासूबाई विचारायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पावसाळा सरला की मित्रांना घेऊन ते इस्लापूरकडे निघायचे. सहस्रकुंडाच्या आसपासचे नाले, दगड, चिखल, जिथे बैलगाडी घालताना माणूस विचार करेल तिथे ही गाडी घालायची आणि बाहेर काढायची, एवढाच कार्यक्रम. संध्याकाळी घरी यायचे ते चिखलानं माखून आणि इतके खूश होऊन, की भांडायचं ठरवून बसलेली मी गुपचूप पाणी तापवायला जायचे. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मी कधी म्हटलं नाही, पण त्या गाडीला मी मालकीण म्हणायचे. ‘निघाली का तुमची मालकीण?’ असं विचारलं की ते मान खाली घालून हसायचे.

त्या दगडांत ती फार छान चालायची म्हणे. मी काही पाहिलं नाही. माझ्या वाट्याला ती आली ती सिमेंटच्या रस्त्यावर, आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर.

झटका दुकानातच आला, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं होतं ते हळूहळू बरंचसं सरळ झालं. बोलणं तुटक झालं, पण कळायचं. हातानंही नंतर थोडी साथ दिली. पाय मात्र नव्हताच. म्हणजे होता, मी रोज त्याला तेल लावत होते, पण त्यांच्या लेखी तो नव्हता. डॉक्टर तळव्यावरून टोकदार काहीतरी ओढायचे आणि विचारायचे, ‘कळतंय का?’ हे छताकडे बघत म्हणायचे, ‘न्हाई.’ घरी मी सेफ्टी पिन घेऊन तेच करायचे. एकदा चिडून जरा जोरात टोचली. रक्ताचा थेंब आला. ते पेपर वाचत होते, वाचतच राहिले.

मीही त्या दिवसांत तशीच झाले होते. माणसं भेटायला यायची, डोळ्याला पदर लावायची, मी चहा ठेवायचे. कुणी विचारलं, कसं वाटतंय, तर मला आत शोधावं लागायचं, आणि शोधूनही हाताला काही लागायचं नाही.

लातूरचे डॉक्टर नणंदेच्या ओळखीतले. दर पंधरा दिवसांनी तिकडे जायचं, दाखवायचं, व्यायाम शिकून यायचं. धाकटे दीर म्हणाले, वहिनी, माझी कार न्या, आरामात जाल. यांनी मान हलवली.

‘आपली,’ ते म्हणाले.

‘अहो, त्या घोड्यावर तुम्हाला चढवायचं कसं?’

‘आपली.’

मग काय, दुकानातला माणूस आत बसून ओढायचा, मी खालून लोटायचे, आणि शेवटी त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचे. गाडीच्या बाबतीत त्यांनी माझं आधी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा आजारपणात ऐकतील अशी आशा करण्यात अर्थ नव्हता.

लोहा सोडून अहमदपूरकडे निघालं की एक पूल लागतो. रस्ता आणि पूल जिथे जुळतात तिथे सांधा जरा उंच राहिलेला आहे. पहिल्याच फेरीला त्या सांध्यावरून पुढची चाकं गेली आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं. आधी थोडंसं, मग इतकं की माझी मनगटं त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे फेकली जायला लागली. काचा, दारं, सीटा, सगळं खडखडत होतं. पुढची चाकं निखळून चालली असंच मला वाटलं. काटा ऐंशीवर होता. मी पाय उचलला. वेग उतरला तशी गाडी शांत झाली, जणू तिनं काही केलंच नव्हतं. मी ती कशीबशी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. आता माझ्यानं होणार नाही, एवढंच डोक्यात होतं. ते मी बोलूनही दाखवलं असावं.

‘पाय,’ ते शेजारून म्हणाले.

‘काय झालं? लागलं का कुठं?’

‘मुंग्या. अंगठ्याला मुंग्या येऊन राहिल्या.’

मी उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, चप्पल काढून अंगठा दाबला. ‘आता?’

‘गेल्या.’

‘पण आल्या होत्या?’

‘हाव,’ ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून अर्ध्या तोंडानं हसले.

लातूरला डॉक्टरांनी पुन्हा टोचून पाहिलं. काही नाही. ‘गाडीत,’ यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, टोचलेलं कळायच्या नसा वेगळ्या, थरथर कळायच्या वेगळ्या, कधी कधी एक आधी जागी होते; चांगलं लक्षण असू शकतं. त्यातलं ‘असू शकतं’ हे मी गाडीपाशी येईपर्यंत विसरले होते. वाटेत औषधाच्या दुकानातून मालिशचं थरथरणारं मशीन घेतलं. घरी ते पायाला लावून लावून मशीन तापलं, पायाला काही कळलं नाही. ‘गाडीतच येतं,’ ते म्हणाले.

कुठलीही शहाणी बाई दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेती. मी नेली नाही. उलट पुढच्या फेरीपासून पूल दिसायला लागला की मी काटा बघून वेग वाढवायला लागले. ऐंशीच्या खाली ती थरथरत नव्हती. ते डोळे मिटून बसायचे, देवापुढे बसावं तसे. सांधा आला की स्टेअरिंग माझे हात झिंजाडायचं, आणि शेजारून आवाज यायचा, ‘आली.’

‘कुठपर्यंत?’

एका फेरीला बोटं, मग तळवा, मग टाच. सांगताना ते डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी गाडी कडेला घ्यायची, दोघं जरा वेळ बसायचं, आणि मग पुढे निघायचं. घाबरून माझं तोंड कोरडं पडलेलं असायचं. पण खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत मला काही वाटायचं ते तेवढंच, त्या पुलावर. बाकी सगळे दिवस मी नुसती कामं उरकत होते.

साखर कारखाने सुरू झाले आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला. अशाच एका फेरीला मी पाय उचलला आणि थरथर थांबलीच नाही. गाडी उजवीकडे सरकत गेली, मी डावीकडे ओढत होते आणि तिला त्याची दादच नव्हती. उजव्या अंगाला ओव्हरटेक करत आलेली एसटी होती. तिच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. पुढे आम्ही थांबलो तशी बसही थांबली. कंडक्टर खाली उतरून आला.

‘ओ ताई, मरायचं असंल तर एकट्यानं मरा की! माझी बस भरलेली हाय माणसांनी!’

मग त्याला यांचा वाकडा हात दिसला. तो तसाच मागे फिरून बसकडे गेला. त्यानं आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. तो यांचा जुना दोस्त, इस्लापूरच्या फेऱ्यांत नेहमी बरोबर असणारा. त्यानं जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवलं. आतून खट् खट् आवाज आला.

‘भाभी, मी तवाच भाऊला बोललो होतो, ही गाडी जंगलची हाय,’ त्यानं आधी स्वतःची बाजू मांडून घेतली. ‘भाऊ बोलले, हायवेला नेतो कोण?’ मग खाली वाकून त्यानं मला तो दांडा दाखवला, स्टेअरिंग आणि चाकं जोडणारा. त्याचं टोक झिजून पार ढिलं झालं होतं. ‘हे सुटलं असतं ना, तर स्टेअरिंग तुमच्या हातात अन् चाकं आपल्या मर्जीची.’

‘नीट होईल?’

‘एकदम मक्खन.’

‘थोडी थरथर राहू देता येईल का?’

तो वाकलेला सरळ झाला. ‘काय बोलून राहिलात भाभी?’

‘काही नाही,’ मी म्हणाले. ‘करा.’

त्यानं ती टोकं बदलली, रबरी बुश नवे घातले, स्टेअरिंगचे झटके खाणारा एक दांडा लावला, टायर बॅलन्स करून घेतले. ‘भाऊला म्हणावं, आता शंभरनं घ्या,’ असं बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन पाना शोधायला आत निघून गेला.

घरी मी एवढंच सांगितलं की सर्व्हिसिंग करून आणली. ते ‘हूं’ म्हणाले. बाकीचं वाटेत सांगायचं असं मी ठरवलं होतं. पुलाच्या आधी सांगायचं, की आता ती थरथर येणार नाही, मुंग्या दुसऱ्या कशानं तरी आणाव्या लागतील. त्यांच्याकडे तेवढं एकच होतं आणि ते मी पैसे देऊन काढून टाकून आले होते.

त्या फेरीला गाडी सुतासारखी सरळ चालली. सवयीनं माझेच हात तिला उगाच उजवीकडे ओढत होते. ‘हलकी वाटून राहिली,’ ते एकदा म्हणाले. ‘ऑइल बदललं ना,’ मी म्हणाले. लोह्याला चहा घेतला. तिथे सांगायचं होतं, तर त्यांनी बशी धरायला डावा हात पुढे केला आणि मला बोलवेना. नव्या गोळीनं त्यांना गुंगी यायची. लोहा सुटल्यावर त्यांची मान कलली आणि डोळा लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. झोपेतच पूल जाईल, आजचं उद्यावर पडेल.

पूल आला. काटा ऐंशीवर होता, सवयीनंच गेला असणार. सांध्यावर चाकं आपटली, धप् असा एकच आवाज झाला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. एका बोटानं धरता आलं असतं.

‘आली,’ ते म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. आवाज झोपेतला होता. मग काहीच खडखडत नाही हे त्यांना जाणवलं असावं, कारण त्यांनी डोळे उघडले. स्टेअरिंगकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. ती गाडी त्यांनी स्वतः खोलून बांधलेली. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मलाही नव्हती. पायात कधीच काही आलं नव्हतं, अंगठ्यातसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते, माझ्यानं होणार नाही म्हणत होते, तेव्हा त्यांना मला काहीतरी द्यायचं होतं आणि जवळ दुसरं काही नव्हतं. मग ते बोटाबोटानं वाढवत न्यावं लागलं. दर वेळी ते पायाकडे न बघता माझ्या तोंडाकडे का बघायचे, तेही कळलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांची मात्र फार दया आली, आणि माझीही.

ते समोर रस्त्याकडे बघत होते. कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस, दुकानात सगळे ज्याला वचकून असायचे.

‘कुठपर्यंत?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूल मागे पडला.

‘घोट्याच्या वर,’ ते म्हणाले.

‘म्हणजे आज जास्त आहे.’

‘हाव,’ ते म्हणाले. ‘आज लई हाय.’

मी पाय उचलला आणि दर वेळेसारखी गाडी कडेला घेतली.