काकीची किटली

शेजारच्या काकीचा मला पहिल्यापासून राग. बाई मनाने वाईट नाही, पण कुठे कधी टपकावं याची जरा म्हणून अक्कल नाही.

सीमेवर लढाई पेटली होती. धाकटा भाऊ पायदळात, तिकडेच. सकाळी टीव्हीवर आलं, त्याच्या पलटणीतले काही जवान गेले. पलटणीचं नाव तेवढं सांगितलं, माणसांची नाही. भावाचा फोन लागेना. आईने टीव्ही बंद केला आणि विळी घेऊन बोंबील कापायला बसली. आमच्या धाकट्या डहाणू गावात होडी यायला उशीर झाला की बायका अशाच काहीतरी काम काढून बसतात.

तेवढ्यात काकी आली. पदर नाकाला, हातात चहाची किटली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, चहा शेजारी आणतात. आई किटलीकडे बघतच राहिली.

"कुणाकडे निघालीस गो ही घेऊन?"

"तुमच्याकडेच, वहिनी. म्हटलं, घोटभर..."

"माझी चूल चालू आहे. उचल ती."

काकी किटली उचलून गेली. आईने लगेच गॅस पेटवला, तवा ठेवला. तेल तापून धूर निघाला तरी तिच्याने तुकडा टाकवेना. गॅस मीच बंद केला. मी मनातल्या मनात काकीला शिव्या घालत बसले, दुसरं काही सुचेना.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"आये, मी बोलतोय. पायाला छर्रे लागलेत, दवाखान्यात आहे. पाय जागेवर आहे."

आई हसायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की रडता रडता ओरडले, "मेल्या, आधी फोन करता येत नव्हता?" त्यावर आईने पाठीत असा धपाटा घातला की बस्स. तिकडे भाऊ हसला. मग हळूच म्हणाला, "माझ्या शेजारच्या खाटेवरचा गेला गो. घरी एकटी आई आहे त्याची."

फोन ठेवल्यावर आईने मला काकीकडे पिटाळलं, किटली घेऊन ये म्हणावं. काकी तोच चहा पुन्हा उकळून घेऊन आली. आम्ही तिघी ओट्यावर बसलो. आईच्या हातातला कप काही तोंडाला लागेना.

"त्या बाईकडे कुणी चहा नेला असेल का गो?"

"नेला असेल, वहिनी," काकी म्हणाली. "माझ्यासारखी एखादी तिथेही असेलच."

आईने मान हलवली आणि चहा प्यायली. त्या दिवसापासून काकी कधीही टपकली तरी मी काही बोलत नाही.