काजूच्या दिवसांतला शेजारी

"थंयच राव गो बाय. आदीं न्हावन येतां."

डोंगरावरून उतरून अंगणाच्या कडेला आले की समोरच्या घरातले भावोजी हेच म्हणायचे. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, ओल्या रंगाच्या भिंतीजवळून चालावं तसे. पायरीवर त्यांची मुलगी दिशा वाट बघत उभी असायची. ते गोठ्यामागच्या नळावर जात, अंगावरचे कपडे तिथेच बादलीत बुडवत, साबणाने रगडून न्हात आणि मगच मुलीला उचलून घेत. तोवर ती पायरीवरून हलत नसे.

इब्रामपूरला आमची घरं समोरासमोर. गावातल्या मराठी शाळेत मी शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणत. मी त्यांना भावोजी म्हणायचे. आजोबांपासून चालत आलेली काजूची बाग होती त्यांची, गावामागच्या डोंगरावर. आणि त्याच घरात काजू न चालणारी मुलगी जन्माला आली.

ते कळलं ते दिशा दोन वर्षांची असताना, गणेशचवथीच्या दिवसांत. पाहुण्या आलेल्या आत्याने कौतुकाने तिला मणगण्याचा, काजू घातलेल्या डाळीच्या खिरीचा, घास भरवला. बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घरघरायला लागला. शेजारच्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं, म्हणून वाचली. डॉक्टरांनी पुढे तपासण्या करून सांगितलं की काजूचा कणसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये.

"हांव हांसलों, बाई," ते मला नंतर सांगत होते. "डॉक्टराक म्हळें, आमगेर एक वेळ मिठाबगर चलता. काजूंबगर कशें चलतलें?"

पण घरी आले आणि त्याच दिवशी अंगणात काजू भाजायची चूल मोडून टाकली. घरातले डबे त्यांच्या बायकोने, वहिनींनी, उकळत्या पाण्याने धुतले. बाग मात्र सोडता येईना. पोट तिच्यावरच होतं. मग त्यांनी स्वतःलाच घराबाहेर काढलं. फाल्गुन लागला की डोंगरावर खोप बांधायची आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच राहायचं. बिया परस्पर व्यापाऱ्याला द्यायच्या, गावात एक आणायची नाही. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी खाली यायचं, न्हायचं, मुलीजवळ बसायचं, पुन्हा वर जायचं. डॉक्टर म्हणाले होते, एवढं करायची गरज नाही, खाण्यात येऊ देऊ नका म्हणजे झालं. भावोजींनी मान डोलावली आणि खोप बांधलीच. गावातली माणसं चिडवायची, "कितें रे, बायलेन भायर काडलो?" ते हसून म्हणत, "बायलेन न्हय, चेडवान." चेडू म्हणजे मुलगी.

लग्नाकार्यात तर त्यांच्याबरोबर जायला मजा यायची. मंडपात शिरल्यावर माणूस आधी यजमानांना भेटतो. भावोजी आधी आचाऱ्याला भेटत. एकदा डिचोलीला एका लग्नात असेच थेट चुलाणापाशी गेले आणि मिसळीच्या भाजीकडे बोट दाखवून विचारलं, "खतखत्यात कितें कितें घातलां? मणगण्याचो डाव हांगा बुडयना मूं?"

आचाऱ्याने वर बघितलं. "तुमी कोण?"

"हांव चेडवाचो बापूय."

झालं. आचाऱ्याला वाटलं, नवरीचा बाप. त्याने खुर्ची मागवली, सरबत मागवलं, भाजी थोडी खारट झाली म्हणून माफी मागितली आणि प्रत्येक पातेल्यावरचं झाकण उघडून दाखवलं. भावोजींनीही सगळी पातेली निवांत तपासून घेतली. नवरीचा खरा बाप घाम पुसत आत आला तेव्हा भावोजी सरबत संपवून दिशाचं ताट वाढून घेत होते.

दिशा शाळेत यायची झाली तेव्हा ते, काजू चुकून पोटात गेला तर मांडीत टोचायचं, पेनासारखं एक इंजेक्शन घेऊन माझ्याकडे आले. जहाजावर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने ते परदेशातून आणलं होतं. मला शिकवायला म्हणून मुदत संपलेलं एक जुनंही होतं, आणि बरोबर एक हिरवी पपई. पपई माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "टोंचा, बाई. भियेवं नाकात. पपयेक कांय जायना."

मी टोचलं. त्यांनी पपई उलटसुलट करून बघितली आणि बरं म्हणाले. उठताना मात्र दारात थांबले.

"एक सांगतां. तिका वेगळी बसोवं नाकात. मुलांच्या मदींच बसूं दियात. लक्ष तुमी दवरा."

वर्गात कुणाचा वाढदिवस असला आणि मिठाई वाटली जायची, तेव्हा दिशासाठी माझ्या कपाटात नाचणीच्या लाडवांचा डबा असे. तो भरायचं काम त्यांचंच. लाडू वळायचेही तेच, आणि कधी लिंबाएवढे, कधी नारळाएवढे व्हायचे. दुसरी मुलं आपली मिठाई सोडून त्या मोठ्या लाडवाकडे बघत बसायची.

ती पाचवीत असताना आम्ही मुलांना तेरेखोलचा किल्ला दाखवायला नेलं. मैत्रिणीने आपल्या डब्यातली खोबऱ्याची वडी मोडून दिली. खोबरं चालतं म्हणून दिशाने खाल्ली. वडीत काजूची पूड होती, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, गळो आवळता."

मी पेन तिच्या मांडीवर दाबलं. पपई आठवली आणि दाबून धरलं. तिला उचलून खाली नदीवर नेलं, तर फेरीबोट नुकतीच धक्क्याला लागली होती. बोटीवरच्या माणसांनी गाड्यांची वाट न बघता बोट सोडली. पलीकडे एका पर्यटकाच्या मोटारीतून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला, आणखी औषध दिलं आणि हळूहळू तिचा रंग परत आला.

निरोप मिळताच भावोजी डोंगरावरून थेट आले. सदऱ्यावर काजूच्या बोंडांच्या रसाचे डाग, पायांना माती. वॉर्डाच्या दारापर्यंत धावत आले आणि तिथेच खिळले. आत दिशा उठून बसली होती. "बाबा," तिने हाक मारली.

ते आत येईनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, नळ खंय आसा?"

मी म्हटलं, "भावोजी, ती बरी आहे. या आत, काही होत नाही."

"नळ खंय तें सांगा."

दवाखान्याच्या मागच्या अंगणात बागेला पाणी घालायच्या नळाखाली ते बसले. मी वॉर्डातल्या शिपायाकडून एक सदरा आणि लुंगी मागून आणली. ते डोकं खाली घालून अंग घासत होते आणि रडत होते. चेहऱ्यावर पाणी होतं म्हणून बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मोठ्या मापाचा तो सदरा घालून ते आत गेले आणि मुलीच्या पायांशी बसले. ती म्हणाली, "बाबा, हो कोणाचो सदरो?" ते म्हणाले, "सरकाराचो."

पुढे दिशा मोठी झाली. आचाऱ्याला काय विचारायचं ते स्वतःच विचारायला शिकली, आणि बापापेक्षा कमी भांडत विचारू लागली. कॉलेजसाठी पणजीला गेली, खोली घेऊन राहिली, आपलं आपण रांधू लागली. आता घरात कुणाला जपायचं नव्हतं, तरी भावोजी हंगामात वरच राहात. वहिनी म्हणायच्या, "आतां तरी सकयल घरा येवन न्हीद." त्यांना सवय झाली होती, की डोंगर आवडायला लागला होता, कोण जाणे.

गेल्या दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. त्यानंतरचा पहिला हंगाम आला, तेव्हा बोंडं वेचायला त्यांचा भाऊ जाऊ लागला. दिशा सुट्टीला घरी आली होती. एका सकाळी ती माझ्याकडे आली.

"बाई, तुम्ही कधी बाबांची खोप बघितलीत?"

"नाही गं."

"मीही नाही. त्यांनी मला कधी वर येऊच दिलं नाही." मग म्हणाली, "बघून याल?"

मी गेले. चढ बराच होता. खोपीत चटई, पाण्याची कळशी आणि खुंटीला अडकवलेला एक टॉवेल, एवढंच सामान होतं. पुढे सगळीकडे दाट झाडं, बोंडांनी लगडलेली. फक्त खोपीच्या दारासमोरच्या झाडाची एक जाड फांदी बुंध्यापासून कापलेली होती. काजूवाला माणूस फळती फांदी कधी तोडत नाही. मला नवल वाटलं. मी दारात, ते बसत असतील तिथे बसले आणि समोर बघितलं.

त्या मोकळ्या जागेतून खाली त्यांचं अंगण दिसत होतं. सबंध अंगण, तुळस, पायरी. पायरीवर दिशा उभी होती, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून, डोंगराकडे बघत.