शेवटचा पॉइंट एकदा पाहू देणेबाबत

विषय : नागभीड ते सिरोंचा या डोंगरवाटेवरील शेवटचा पॉइंट एकदा पाहू देणेबाबत.

संदर्भ : आमचा अर्ज व खुलासा, आणि त्यावर संबंधित कार्यालयाने आजवर बाळगलेले मौन.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या. आयुष्यभर तहसिलीत कारकुनी केली की हात आपोआप तसा वळतो. सरळच सांगतो. किस्से फायलींसारखे साचतात. एकावर दुसरा येऊन बसतो, आणि हवा असलेला नेमका तळाशी सापडतो. वाळवी तर खालूनच लागत येते, म्हणून काही किस्से वेळेत सांगितलेले बरे.

आमच्या डोंगरवाटेचे किस्से मी फारसे कुणाला सांगितले नाहीत, कारण ऐकणारा आधी विचारतो, “अशी वाट आहे कुठे?”

नाही. शासनदरबारी तिची नोंद नाही. आम्ही चौघे चालतो, एवढंच तिचं अस्तित्व. चौघेही निवृत्त. मी तहसिलीतला अव्वल कारकून. रामटेके मोजणी खात्यातले भूमापक. मडावी वनरक्षक. आणि गुरनुले सर शाळेत मराठी शिकवायचे. चौघांनाही डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. चंद्रपुरात मैदानाला रोज गोल फेऱ्या मारताना मला अजून नोकरीतच असल्यासारखं वाटायचं. मग रामटेकेंनी एक दिवस जुना नकाशा काढला, तांबडी पेन्सिल घेतली आणि नागभीडपासून खाली सिरोंच्यापर्यंत सगळे डोंगर एका रेघेत जोडून टाकले.

दर हिवाळ्यात त्या रेघेचे चार-पाच तुकडे. सकाळच्या एसटीने जायचं, डोंगर चढायचा, उतरायचं, परत यायचं. जिथे बसून लांबवर दिसतं त्या जागेला सर ‘पॉइंट’ म्हणायचे. शब्द त्यांचा, पाय सगळ्यांचे.

*

पहिला पॉइंट नागभीडच्या डोंगरावरचा. वर पोचलो. सर दोन्ही हात पसरून “वा!” म्हणाले. मी घाम पुसत होतो. रामटेके मात्र चौफेर पाहून मला म्हणाले, “बाबूजी, लिवून घ्या.”

“काय?”

“पंचनामा. पूर्वेस धानाच्या बांध्या. पश्चिमेस रेल्वेचा फाटा. उत्तरेस बोडी, तळ्यात पाणी अर्धं. दक्षिणेस जंगल, पुढे चालू.”

मी सवयीने लिहीत गेलो. कागद तयार झाला. खाली पंच म्हणून मडावीची आणि सरांची सही घेतली. सरांनी सही केली, पण कुरकुरत. “रामटेके, अहो, यात सौंदर्य कुठे आलं?”

“त्याची हद्द दाखवा जी,” रामटेके म्हणाले, “लगेच टाकतो!”

तेव्हापासून दर पॉइंटचा पंचनामा होऊ लागला. माझ्याकडे अख्खी फाइल आहे. देशात निसर्गाची इतकी कोरडी नोंद दुसरीकडे सापडणार नाही, असा माझा दावा आहे.

*

सिंदेवाहीच्या पुढच्या एका खडकावर सरांना फार भरून आलं. खाली धान पिवळं पडलेलं, मागे धुकं. “अगदी महाबळेश्वर!” ते म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा, “अगदी महाबळेश्वर!”

मडावी डबा खात होता. त्याने घास गिळला आणि अदबीने विचारलं, “सर, तिकडले लोक म्हणत असन का जी, अगदी सिंदेवाही?”

त्यानंतर सरांनी दोन हिवाळे कशाशी कशाची तुलना केली नाही.

*

मडावीचं एक सांगायलाच हवं. पॉइंटवर पोचलं की आम्ही तिघे दरीकडे तोंड करून बसायचो आणि तो आमच्याकडे पाठ करून, झुडपांकडे तोंड करून. वाघाचा मुलूख आहे. चौघांनी एकीकडे पाहायचं नसतं.

मी एकदा म्हटलं, “मडावी, तू पण बघ की जरा. मी बसतो झुडपांकडे तोंड करून.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमाले दिसला तं तुमी का करान, बाबूजी? नोटीस देसान?”

दोन जिल्ह्यांतले सगळे पॉइंट मडावीने पाठीने पाहिले आहेत.

*

बल्लारपूरकडचा तुकडा मुळात रेघेत नव्हता. रामटेकेंचा आग्रह. तिकडे त्यांची पहिली नेमणूक होती. आम्ही आगगाडीने गेलो आणि पुढे पायी एका टेकाडावर चढलो. समोर एक चांगला मोठा डोंगर, वर सपाट, अंगावर पळसाची रोपं.

रामटेकेंनी नकाशा पसरला. डोंगर पाहिला. पुन्हा नकाशा पाहिला. “इथी डोंगर नाई.”

“समोर आहे ना,” सर म्हणाले.

“समोर आहे. नकाशात नाई. नकाशात गाव आहे.”

मग आमच्या ध्यानात आलं. तो कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग होता. इतकी वर्षं टाकत गेले की डोंगर झाला. गाव आधीच उठलं होतं. सगळं नियमानुसार. तशा एका गावाच्या नोटिसांचा मसुदा मीही कधीकाळी केला आहे आणि त्यातल्या भाषेबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

ते गाव रामटेकेंनी मोजलं होतं, साखळी ओढून, घर अन् घर. एका घरी त्यांना रोज ताक मिळायचं.

शेवटी म्हणाले, “लिवा. उत्तरेस डोंगर. त्याच्या खाली गाव. चतुःसीमा कायम.”

सरांनी या वेळी न कुरकुरता सही केली.

*

आता हसण्याचा किस्सा. निदान तेव्हा आम्ही हसलो होतो.

आलापल्लीच्या अलीकडचा एक कडा. रामटेके उभे राहून सांगत होते, मी लिहीत होतो. “समोर दक्षिणेस सागाचं जंगल. मागे उत्तरेस चढ. पूर्वेस काई नाई.”

“पूर्वेस मी आहो जी!” मडावी ओरडला. तो खरोखरच त्यांच्या डाव्या हाताला, पाच पावलांवर, डबा घेऊन उभा होता.

आम्ही पोट धरून हसलो. सर म्हणाले, “वनखात्याच्या माणसाला मोजणी खातं मोजतच नाही!” मडावीने डबा हलवून दाखवला. आम्ही आणखी हसलो.

रामटेके हसले नाहीत. त्यांनी सावकाश मान डावीकडे वळवली, मडावीला पाहिलं, मान पुन्हा समोर आणली. पुन्हा वळवली. असं तीन-चार वेळा केलं. शेतात खुंटी नीट बसली की नाही हे पाहावं, तसं.

नागपूरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे. फार उशीर झालेला. आधी बाजूचं जातं, मग हळूहळू मधलं. गेलेलं परत येत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा रामटेके खाटेवर बसून होते. म्हणाले, “बाबूजी, चतुःसीमा गेल्या. मधलं क्षेत्र शिल्लक आहे.”

शिल्लक क्षेत्र किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यासोबत कुंदाबाई आल्या. त्यांच्या मिसेस. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद रामटेकेंच्या हातात. त्या पुढे, ते मागे. ठेच लागण्यासारखं काही आलं की कुंदाबाई मागे न पाहता सांगायच्या, “दगड,” “मूळ,” “खड्डा,” “गुरनुले सर.”

वर पोचल्यावर बाईंनी खाली पाहिलं. सगळीकडे दूरपर्यंत जंगल, मध्ये कुठे कुठे सागाची पिवळी पडू लागलेली पानं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

“इतके वर्ष हे पाहाले येत होते तुमी?”

“मोजणीले येत होतो.”

“अन् घरी येऊन म्हणत होते, लय तरास हाय कामाचा!”

आम्ही तिघे जमिनीकडे पाहत होतो. मग रामटेकेंनी विचारलं, “का दिसते सांग.”

“झाडं.”

“अन्?”

“अन् झाडं.”

सरांना राहवेना. ते पुढे सरसावले आणि हिरव्या रंगाच्या छटा, क्षितिज, निळाई असं बरंच सांगू लागले. सांगताना त्यांचा आवाज कापत होता, हेही नमूद करतो. रामटेकेंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सर, तुमी चांगलं सांगता,” ते म्हणाले, “पण कुंदाचं बरोबर आहे. झाडंच असन.”

पंचनाम्यावर त्या दिवशी तिसरी पंच म्हणून कुंदाबाईंची सही आहे.

*

राहिला शेवटचा पॉइंट. सिरोंच्याच्या बाजूचा. वरून दोन नद्या एकमेकींना मिळताना दिसतात, असं मडावी सांगतो. त्याची तिथे बदली होती. एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं निवळ, आणि मिळाल्यावरही बराच वेळ ती वेगवेगळी वाहतात म्हणे.

रामटेके तरुणपणी त्या डोंगरावर मोजणीचं यंत्र घेऊन चढले होते. दोन दिवस धुकं. तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, खाली उतरा. त्यांनी खालच्या मोजणी-ठाण्यांवरून हिशेब करून नद्या नकाशात बसवल्या. “बरोबर बसल्या,” ते सांगायचे, “पण मी त्या पाहिल्या नाई, बाबूजी. न पाहता टाकलेली तेवढीच एक गोष्ट आहे माह्या नकाशात.”

तेवढं मधलं क्षेत्र शिल्लक आहे तोवर त्यांना ते पाहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

आम्ही गेलो. पायथ्याशी आता फाटक आहे. परवानगीशिवाय प्रवेश नाही. फाटकावरचा वनरक्षक कोवळा, मडावीच्या नातवाच्या वयाचा, भला माणूस. हात जोडून म्हणाला, “बाबाजी, सोडलं तं माही नोकरी जाईन. अर्ज करा ना जी.”

मडावी मला बाजूला घेऊन म्हणाला, “नाल्याकडून वाट आहे. मले मालूम आहे. घेऊन चलतो.”

रामटेकेंनी ऐकलं. कान शाबूत होते. “नाई. मी सरकारी माणूस आहो. लोकायले हद्द दाखवली मी. आता स्वतःच ओलांडू?”

आम्ही परत फिरलो. मी अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात चांगला अर्ज. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला, म्हणजे घाई का आहे ते कळावं.

काही दिवसांनी आक्षेप आला :

‘अर्जदारास दृष्टिदोष असल्याचे सोबतच्या दाखल्यावरून दिसून येते. सबब निरीक्षणस्थळास भेट देण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. खुलासा करावा.’

मी ते दोनदा वाचलं. मसुद्यात खोट नव्हती. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. असे आक्षेप मी खुर्चीत बसून शेकड्यांनी काढले आहेत आणि चहा प्यायलो आहे. तो कारकून कोण असेल ते मला ठाऊक नाही, पण माझ्या हाताखाली असता तर मी त्याचा गोपनीय अहवाल उत्तम लिहिला असता.

रामटेकेंना वाचून दाखवलं. ते हसले. “खुलासा लिवा. अजून दिसून राह्यलं, म्हना.”

मी लिहिलं, ‘अर्जदारास सध्या दिसते.’

खुलासा दाखल झाला. उत्तर नाही. उन्हाळा गेला. मी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या मुलीने आदराने खुर्ची दिली. “काका, फाइल वर गेली आहे.” वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मीही लोकांना कधी सांगितलं नव्हतं.

पहिलं स्मरणपत्र केलं. त्यात एक वाक्य घातलं, ‘अर्जदारास समोरचे दिसते, तरी त्वरा व्हावी.’ पाठवण्यापूर्वी रामटेकेंना वाचून दाखवलं. “बरोबर,” ते म्हणाले आणि सही केली.

पावसाळ्यानंतर दुसरं. तेच वाक्य वाचताच त्यांनी हात वर केला. “‘समोरचे’ खोडा. ‘उजेड’ लिवा.”

मी खोडलं. ‘अर्जदारास उजेड दिसतो, तरी त्वरा व्हावी.’

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा कुंदाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. रामटेके शेजारी, उन्हात तोंड करून. मी मसुदा वाचू लागलो. विषय वाचला. संदर्भ वाचला. त्या वाक्याशी आलो आणि थांबलो. कुंदाबाईंचा हात सुपात थांबला.

“ते वाक्य काढून टाका जी,” रामटेके म्हणाले.

“मग तिथे काय लिहू?”

“काई नाई. बाकी मागणी कायम आहे.”

मी तशीच स्वच्छ प्रत केली. सहीच्या जागेवर त्यांचं बोट ठेवून दिलं. त्यांनी सही केली, ओळीत, पूर्वीसारखी. त्याच दिवशी जाऊन आवक शिक्का घेतला.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.