हिरव्या भुग्यातली वांगी

निवृत्त शिक्षिका शैलजाबाईंना तानूबाई पहिल्यांदा दिसल्या त्या गलोंडा गावातल्या चाळीत, वांग्याच्या रोपांवर डाफरताना. "माहेरचं बी ना रे तुम्ही? मग अशी लाज का आणता?"

जामनेरहून भाऊ यायचा होता. त्याला दारच्या वांग्यांचं भरीत खाऊ घालायचा तानूबाईंनी चंग बांधला होता आणि रोपं पिवळी पडून बसली होती. त्या दगड दळायच्या कारखान्यात कामाला. तिथला सर्पेंटाइन नावाच्या दगडाचा हिरवा भुगा त्यांनी हौसेने रोपांच्या डब्यांत भरला होता. दगडच एवढा हिरवा, तर रोप किती हिरवं होईल!

शैलजाबाई हसू दाबत म्हणाल्या, "अहो, हा पृथ्वीच्या पोटातला दगड. त्यात मॅग्नेशियम भरमसाट, कॅल्शियम नावाला. त्याच्या मातीत काही हट्टी झुडपंच तगतात."

"म्हणजे मी वांग्यांना सासुरवासाला धाडलं की ओ बाई!"

दोघींनी त्याच दुपारी रोपं काळ्या मातीत हलवली. तरी भाऊ आला तेव्हा झाडांवर नुसती फुलंच होती. तानूबाईंनी बाजारच्या वांग्यांचं भरीत दारचं म्हणून वाढलं. भावाने दोनदा मागून घेतलं.

तानूबाई अजून त्याच कारखान्यात पोती शिवतात आणि रविवारी आता खरोखरच दारची वांगी शेजारीपाजारी वाटतात.