सरदारणीच्या तीन मुली

अमेरिकेत रेडमंडला आल्यावर पहिली दोन वर्षं मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी ऑफिसला ड्राइव्ह करत जायचा आणि मी खिडकीतून पाऊस बघत बसायची. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला कामाला लावलं. बिनपगारी, पण गप्पा भरपूर.

बाई ऐंशीच्या. बारा वर्षं खपून त्यांनी आपलं मूळ थेट मध्ययुगातल्या एका इंग्लिश सरदारणीपर्यंत शोधून काढलं होतं. मृत्युपत्रं, दानपत्रं, चर्चच्या नोंदी, सगळ्यांच्या झेरॉक्स कॉप्या. रविवारी त्यांचं सगळं खानदान जमणार होतं. तोवर तो गठ्ठा कॉम्प्युटरवर एका तक्त्यात बसवायचा होता. "सगळी नातवंडं पुन्हा एकत्र जमतील तेव्हा मी असेन की नाही, कोण जाणे," असं त्या अगदी सहज म्हणायच्या.

मला कसली भीती? मी या कामात मुरलेली! लग्नाआधी साताऱ्याला एका चुलत काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला, त्याची अख्खी प्रत मीच लिहून काढली होती. रीत सोपी. मुलगे लिहायचे, खाली त्यांचे मुलगे. मुली लग्न होऊन गेल्या की त्यांची रेघ पुढे ओढायची नाही. ज्याला मुलगाच नाही त्याच्यापुढे दोन शब्द: 'वंश खुंटला'. झालं, पुढचं पान.

त्याच झपाट्यात मी सरदारणीचा नवरा टाकला, दोन मुलगे टाकले. दोघंही बिनलग्नाचे, लढाईत गेलेले. तिच्या तीन मुली सवयीनं गाळल्या आणि खाली इंग्रजीत टाइप केलं, की घराणं इथे संपलं.

बाईंनी प्रिंट हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इथे संपलं? मग मी कुठून आले?"

आणि गठ्ठ्यातला एक कागद काढून त्यांनी मधल्या मुलीच्या नावावर बोट ठेवलं. "मी हिच्या वंशातली."

अगं बाई! मी शरमेनं लाल झाले. दहादा सॉरी म्हटलं, तिन्ही मुली जागेवर बसवल्या, आणि शनिवारी दुपारी तक्ता पुरा करून दिला. बाई राग विसरल्या. मला मात्र चैन पडेना, कारण मी माझ्या वडिलांची एकुलती एक मुलगी. त्यांच्या नावापुढे ते दोन शब्द मी स्वतः लिहिले होते, ते शेजारी पेपर वाचत बसलेले असताना. वर ते पान त्यांच्यापुढे नाचवलंही होतं, "बाबा, बघा, तुमचं पान झालं!" अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

रविवारी सकाळी साताऱ्याला फोन लावला. सगळं सांगता सांगता मला रडू फुटलं.

"बाबा, चुकलं हो माझं. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होतो गं," बाबा म्हणाले. "पण तू इतक्या हौसेनं दाखवायला आली होतीस. म्हटलं, पोरीला खोडायला कसं सांगू?"